एकतीस मेले, हे कोणी सांगितलं?

कॉलेजच्या ग्रंथपालबाईंना मुलं पाठीमागे 'कुठूनबाई' म्हणत. प्रबंध कोणाचाही असो, पहिलं पान उलटायच्या आत बाई विचारायच्या, "हे कुठून घेतलं?" इंटरनेटवरून म्हटलं की संपलंच. "इंटरनेट काय तुझ्या आत्याचं घर आहे? कोणी लिहिलं, त्याला कोणी सांगितलं?" राग कायम नाकावर. पुस्तकात कोणी पेन्सिलीची रेघ जरी मारली, तरी त्याला आठवडाभर ग्रंथालयाची दारं बंद. सख्ख्या भाचीलाही सूट नव्हती.

ही भाची जुना पूल पडला त्या अपघातावर प्रबंध लिहीत होती. सोमवारी तो द्यायचा होता. शनिवारी दुपारी ती बाईंच्या टेबलापाशी आली.

"मावशी, दवाखान्याचं रजिस्टर मी गाळतेय. त्यात मेलेल्यांची एकोणीसच नावं आहेत. सर म्हणतात, ते चुकीचं असणार."

"कशावरून?"

"बाकी तीन ठिकाणी एकतीस आहे. पेपरात, नगरपालिकेच्या वेबसाइटवर आणि पुलाजवळच्या दगडी पाटीवर."

"एकानं दुसऱ्याचं बघून लिहिलं असेल, तर ते तीन होत नाहीत. एकच होतं," बाई कडाडल्या. "मुळात कुठून आलं ते बघितलंस?"

बाईंनी भाचीला शेजारी बसवलं आणि सरांच्या अकलेचा उद्धार करत एकेक धागा मागे नेला. पाटीवरचा मजकूर वेबसाइटवरचा निघाला, शब्दन् शब्द. वेबसाइटनं तो पेपरातून उचललेला. आणि पेपरातल्या लेखाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: आधार, कॉलेजची स्मरणिका.

बाईंनी कपाटातून स्मरणिका काढली, पण ती उघडायची गरज नव्हती. ते पान त्यांनीच लिहिलं होतं, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. छापखान्याचा माणूस दारात ताटकळत होता, म्हणून त्यांनी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, "असतील तीसेक." तीसेक म्हटलं तर वाचणाऱ्याला ते मोघम वाटेल, म्हणून बाईंनी एकतीस केलं.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती काढायला स्वतःशिवाय दुसरं कोणी नव्हतं. बावीस वर्षं पोरांना धारेवर धरलं आणि दिव्याखालीच अंधार. न मेलेली बारा माणसं आपण दगडावर चढवली. वर खरी नावं असलेलं एकुलतं एक रजिस्टर आपल्यामुळे केराच्या टोपलीत चाललं होतं. बाईंना स्वतःची शिसारी आली.

त्यांनी भाचीला सगळं सांगून टाकलं. "रजिस्टर गाळायचं नाही," त्या म्हणाल्या. "एकतीस कुठून आले ते तळटीपेत लिही."

"तुझं नाव घालू?"

"मग काय शेजारणीचं घालणार?"

त्यांनी पेन उघडलं आणि स्मरणिकेचं ते पान समोर ओढलं.

"मावशी, पुस्तकात? शाईनं?"

बाईंनी एकतीसवर काट मारली आणि समासात लिहिलं: 'दवाखान्याच्या रजिस्टरात एकोणीस. हा आकडा कुठून घेतला? माझ्या मनातून.' खाली सही केली, तारीख घातली आणि ग्रंथालयाची किल्ली भाचीच्या हातात दिली.

"आठवडाभर मला आत घेऊ नका म्हणून सांग."