जित्या माणसाची कडू भाकर

बार उडाला तेव्हा चांगुणा विहिरीच्या काठावर पाटी घेऊन उभी होती. येडशीच्या अलीकडच्या एका गावात, त्र्याहत्तरच्या दुष्काळी उन्हाळ्यात, सोसायटीची आटलेली विहीर खोल करायचं काम चाललं होतं. सगळे सुरुंग उडाले म्हणून तिचा नवरा बाबू दगड काढायला खाली उतरला, आणि मुका राहिलेला एक बार त्याच्या पायाखालीच उडाला. पुढचं काय सांगायचं? जे वर आलं ते धोतरात बांधून आणलं. चांगुणा रडली नाही. नुसती ज्याला त्याला विचारत राहिली, "आत्ता तर उतरला हुता की!"

सुरुंग लावणारा धुळाप्पा. त्यानं पंचांपुढं सांगितलं, "म्या थांब म्हणलं हुतं. बाबूनंच घाई केली." झालं! मेलेला काय उलटून बोलतोय? गावानं मान डोलावली. नवरा गेला तो गेला, वर खापरही त्याच्याच माथी! चांगुणाच्या जिवाला हेच जास्त लागलं. उभ्या आयुष्यात घाईनं घास न गिळलेला माणूस तो!

मयताच्या घरी चूल पेटत नाही. भावकीनं कडू भाकर आणायची, ही रीत. पण त्या साली भावकीच्याच चुली थंड. दोन दिवसांनंतर कुणी फिरकलं नाही. तेव्हा टोपलं घेऊन आली ती एस्तेरबाई. मिशनच्या दवाखान्यात दाईपणा करून म्हातारपणी गावी परतलेली; गावात ख्रिस्ती घर तेवढं एकच. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलोची, म्हणजे परदेशी ज्वारीची भाकर, वर मिठाचा खडा. उपदेश एका शब्दाचा नाही. बसायची, डोळे मिटून काहीतरी पुटपुटायची, जायची. त्या पुटपुटण्याचाच चांगुणाला आधार वाटायला लागला, खोटं कशाला बोला.

आणि एके दिवशी तिनं बघितलं. आपल्या दारातून उठलेली म्हातारी तेच टोपलं घेऊन सरळ धुळाप्पाच्या घरात शिरली!

चांगुणानं दाणकन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिनं म्हातारीला उंबऱ्यातच गाठलं. "बाई, कडू भाकर मेलेल्याच्या घरी नेत्यात. मारणाऱ्याच्या घरी कशाला? तिथं कोण मेलंय?"

"कुणी न्हाय. पण धुळाप्पा अन्नाला शिवंना झालाय, पोरी. मरंल तो."

"मरू द्या की मुडद्याला!"

"माझा येशू खिळ्यांवर लटकला हुता, तवा खिळं ठोकणाऱ्यांसाठीच मागणं मागत हुता. मग म्या काय करू, सांग?"

"असला कसला वो तुमचा देव!" चांगुणा किंचाळलीच. देव म्हणजे वैऱ्याचं वाटोळं करणारा, एवढंच तिला ठाऊक. हे असलं तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

म्हातारी काही बोलायला गेली आणि तिथंच कोसळली. बायकांनी उचलून घरी नेली. तिची चूल बघितली तर राख गार, डब्यात चिमूटभर पीठ नाही. आपल्या वाटची भाकर दोन घरी वाटून ही बया स्वतः उपाशी फिरत होती!

टोपलं चांगुणाच्या दारात राहिलं. आत धुळाप्पाच्या वाटची अर्धी भाकर. चांगुणानं आभाळाकडं बघून बोटं मोडली. "एवढा कळवळा हाय न्हवं तुला? मग तूच ने की बाबा टोपलं!" म्हातारीच्या देवाला केलेली ही तिची पहिली प्रार्थना. पुढं म्हातारपणी सांगताना ती स्वतःच हसायची. पण भाकर फेकायला काही हात धजेना. उपाशी बाईच्या तोंडातला घास तो. चडफडत, शिव्या देत ती धुळाप्पाच्या दारी गेली.

त्याची बायको बनाबाई तिला बघून थिजली. भिंतीकडं तोंड करून पडलेला धुळाप्पा उठून बसला.

"वयनी, बाबूनं इचारलं हुतं मला. समदं बार उडालं का, म्हणून. म्या व्हय म्हणलो. माझं मोजायचं चुकलं, वयनी. पंचांपुढं खोटं बोललो म्या."

इचारलं हुतं! तिच्या बाबूनं विचारलं होतं! इतके दिवस अडलेलं रडं एकदम फुटलं. कोपऱ्यात धुळाप्पाची पहार होती. ती तिला दिसली, आणि हात शिवशिवलाही. पण हातात उपाशी म्हातारीचं टोपलं होतं. मग तिनं भाकर मोडली आणि तुकडा त्याच्या हातावर ठेवला.

"खा. मग ऊठ, आन् हेच चावडीवर सांग."

त्यानं सांगितलं. चांगुणाचा धाकटा दीर मच्छिंद्र काठी घेऊन धावला, तशी ती आडवी झाली.

"वयनी, सरका! भावाला खाल्लं ह्यानं!"

"म्या काय इसरले न्हाय. बाबूवरचा आळ गेला, मला तेवढंच पायजे हुतं. ह्याच्या घरी कडू भाकर म्या नेलीया, मच्छिंद्रा. आता काठी घालायची तर आधी माझ्यावर घाल."

काठी हवेतच राहिली. माणसं तोंडात बोटं घालून बघत बसली. आणि चांगुणा तरी काय, तीही हबकलीच. हे आपल्या तोंडून आलं कसं, तिचं तिलाच कळेना. ती तडक एस्तेरबाईच्या बाजेपाशी गेली आणि म्हातारीचे पाय चेपायला बसली.

"बाई," ती म्हणाली, "त्या खिळ्यांवरच्याचं समदं सांगा मला. पयल्यापासनं."