मामांचे चित्रकार

आमच्या मामांना जे चित्र आवडे ते जगात दुसऱ्या कुणालाही आवडत नसे, आणि चुकून कुणाला आवडलंच तर मामांचा त्या चित्रावरचा विश्वास उडे. मुंबईच्या एका वस्तुसंग्रहालयात ते चित्रविभागाचे प्रमुख होते. संस्थानिकांच्या तसबिरींवरची धूळ झाडून घ्यावी, एवढीच तिथे त्यांच्याकडून अपेक्षा होती. मामांनी एका महाराजांना खाली उतरवून त्या जागी निळी गाय टांगली, तीही पाच पायांची. "पाचवा पाय गतीचा आहे," असं त्यांनी विश्वस्तांना समजावलं. विश्वस्तांनी मग मामांनाच गती दिली, आणि ते मामींसह लोणावळ्याच्या बंगलीत येऊन राहिले.

तिथे नव्या कलेच्या उपासकांची रीघ लागली. उपास अर्थात कलेपुरताच. एक जण महिनाभर नुसते त्रिकोण काढत होता, पोळ्या मात्र त्याला गोल लागत. "अगं, पुढची पिढी यांना डोक्यावर घेईल," मामा म्हणत. "मग वाढायलाही तिलाच बोलवा," असं म्हणून मामी आणखी एक पोळी वाढत.

लोकांना कला कळावी म्हणून मामांनी जवळच्या कान्हे गावच्या चावडीत प्रदर्शन भरवलं. एका चित्रापुढे गावातले एक आबा बराच वेळ उभे राहिले. मामांना भरून आलं.

"ह्यो आमचा बेडशाचा डोंगुर न्हवं?" आबांनी विचारलं.

"नाही आबा, ही एका स्त्रीची व्यथा आहे."

"आसंल. पर मंग तिच्या डोक्यावर गुरं कशापाई चरत्यात?"

त्या दिवशी मामांना जेवण गेलं नाही. त्या व्यथेचा चित्रकार मात्र दोनदा भात मागून जेवला.

पुढे याच चित्रकाराला क्षय झाला. नातेवाइकांनी, म्हणजे आम्हीच, बंगलीकडे फिरकणं सोडलं. मामांनी त्याला उन्हाच्या खोलीत ठेवलं. त्याचं थुंकीचं भांडं ते स्वतः धूत, आणि मामी त्याला रोज अंडं खाऊ घालत, सोवळं गुंडाळून ठेवून. तो बरा झाला, विलायतेला गेला, आणि दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी परतला तो मोठा होऊनच.

मुंबईत त्याचं प्रदर्शन भरलं तेव्हा मामांबरोबर मी गेलो होतो. दालन साहेबांनी आणि मडमांनी भरलेलं. त्याची आमच्याकडे नजर गेली आणि तो हसला, सगळ्यांकडे पाहून हसत होता तसाच. मामा पुढे गेले नाहीत. भिंतीच्या कडेकडेनं त्यांनी एकेक चित्र पाहिलं आणि म्हणाले, "चल, गाडी चुकेल."

घरी मामींनी विचारलं, "भेटला का हो? काय म्हणाला?"

"अगं, त्याला वेळ कुठे होता," मामा कोट काढत म्हणाले. "पण चित्रं काय सुंदर लावली होती. एकच जरा वाकडं होतं, ते मी सरळ करून आलो."