संकष्टीची गोळी

गोळ्या नियमित घ्यायची सवय माणसांना कशी लागते, यावर मी अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातल्या एका फार्मसीत संशोधन करते. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. त्यामुळे फार्मसीत येणारे एक काका मला 'मास्तरीणबाई' म्हणतात, तेव्हा संकोच वाटतो आणि बरंही वाटतं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात जाड कोट त्यांनीच आणून दिला होता.

ते प्रत्येक वाक्याला "काय?" जोडतात आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातात. "शुगर ठीक आहे, काय? सून ओरडते, काय?"

गेल्या जानेवारीत ते दुकानात आले तेच घामाने डबडबलेले. काउंटरला टेकूनच उभे राहिले.

"काका, सकाळपासून काय खाल्लंत?"

"आज संकष्टी. पण गोळी घेतली हं! चुकवायची नाही असं तूच सांगतेस, काय?"

रिकाम्या पोटी शुगरची गोळी घेऊन ते गाडी चालवत आले होते; साखर फार खाली गेली होती. मी ऑरेंज ज्यूसची बाटली उघडून दिली. त्या अवस्थेतही त्यांनी लेबल वाचायला चष्मा शोधला. "उपासाला चालेल ना?" मग प्यायले. ते सावरेपर्यंत त्यांची किल्ली मी मुठीत घट्ट धरून होते.

उपासाला गोळीचं काय करायचं, ते डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलंय. तरी दर संकष्टीला सकाळी मी फोन करते.

"केळं खाल्लं, काय? दूध प्यालो, काय?" ते भरभर सांगतात, आणि मी निश्चिंत होते.

पण एखाद्या सकाळी ते "केळं खाल्लं, काय?" म्हणून उत्तराची वाट बघत थांबतात. मग मी तो कोट चढवते आणि केळी घेऊन त्यांच्याकडे निघते.