विचारल्याशिवाय हात लावायचा नाही

दळवीकाका कॉम्प्युटर बंद करायचे तो थेट भिंतीवरचं बटण खटकन वर ढकलून. पडद्यावर 'अपडेट सुरू आहे, कृपया बंद करू नका' असं आलं की तर हमखास. मी समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होते. एवढ्या गुन्ह्यावरून जगभरातल्या कंपन्यांचा जाब ते मला विचारत. चिडले की मालवणीवर येत. "अश्विनी गो, माझ्या घरातला कपाट माका न इचारता हलवणारो हो कोण?" कपाट म्हणजे प्रिंटरची खूण. अपडेटनंतर ती डावीकडून उजवीकडे गेली होती.

मुलुंडमध्ये त्यांनी आयुष्यभर मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. "निम्म्या मुलुंडला ह्यांनी गाडी शिकवली," काकू म्हणायच्या, "म्हणून उरलेलं मुलुंड रस्ता जपून ओलांडतं."

एकदा काकांचा हात कुठेतरी लागला आणि अख्खा कॉम्प्युटर स्पॅनिश बोलायला लागला. मी गेले तेव्हा ते पडद्याकडे रोखून बघत बसले होते. "हा माझ्यावर रागावलाय की माफी मागतोय, तेवढं सांग." भाषा बदलायची सेटिंगही स्पॅनिशमध्येच होती. ती शोधताना माझ्या नाकी नऊ आले. काका शांतपणे म्हणाले, "चावी आत ठेवून दार ओढून घ्यायचं, ह्याला तुमच्यात इंजिनीअरिंग म्हणतात?"

त्यांची मुलगी शुभदा जर्मनीत असते. काका-काकू तिच्याकडे गेले, आणि सगळ्यांनी मिळून जावयाच्या गाडीने ऑस्ट्रियामार्गे इटलीला जायचं ठरलं. लागलं तर असावं म्हणून काकांनी परदेशात गाडी चालवायचा परवाना इथूनच काढून नेला होता.

परत आल्यावर सोसायटीच्या गेटवर रोज संध्याकाळी तोच विषय. "नाका नाही, हवालदार नाही. देश बदलला कधी, ते मोबाइलवर मेसेज आला तेव्हा कळलं! आणि गाडी? गाडी कसली, सासू! पट्टा ओलांडला की स्टिअरिंग खेचते, वेग वाढला की ओरडते. मी आयुष्यभर शिकाऊ पोरांच्या शेजारी बसून जे केलं, ते ती मला करत होती." ते बंद करायची सेटिंग त्यांना शेवटपर्यंत सापडली नव्हती. सगळे हसायचे. काकू मात्र भाजीची पिशवी उचलून आत निघून जायच्या.

मग एका रविवारी दुपारी काका माझ्या दारात उभे. "चल, तो अपडेट लाव."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण ते खरंच कॉम्प्युटरसमोर जाऊन बसले. मी अपडेट सुरू केला. पडद्यावर गोल फिरायला लागलं आणि काका त्या गोलाकडे बघत बोलायला लागले.

ऑस्ट्रियात जावयाची पाठ धरली. त्याला सरळ बसवेना, म्हणून काकांनी गाडी हातात घेतली. तासभर झकास चालवली. पेट्रोलपंपावर थांबले आणि बाहेर पडताना सवयीने डाव्या बाजूला लागले. तिथे उजवीकडून चालवतात. समोरून ट्रक.

"मी ब्रेक मारलाच नाही गं. मनात म्हणतोय, हा गाढव चुकीच्या बाजूने कसा आला? गाडी आपली आपण थांबली. मागे शुभदा, तिच्या शेजारी नात."

"मग?"

"मग काय? जावयाने पाठीला पट्टा बांधून गाडी घरी आणली. मी मागे बसलो. रस्ताभर कुणी मला काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं." मग आपल्या तळव्यांकडे बघत म्हणाले, "माझ्याच हातांनी माका इचारल्यानी नाय गो."

तेवढ्यात अपडेट संपला. प्रिंटर ओळखेना, आणि मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन.

"वाट लागली?"

"लागली, काका."

एरवी त्यांनी बिल्डिंग डोक्यावर घेतली असती. तेव्हा नुसते म्हणाले, "राहू दे. काल लायसन्सची मुदत संपली. मी नवं काढत नाही. हिला दर महिन्याला घाटकोपरला डॉक्टरकडे न्यायचं असतं. तुला जमेल तेव्हा सोडशील का?"

इथे कुणाच्या गाडीत बसायला काका कधी तयार नसत. रिक्षातसुद्धा ते रिक्षावाल्याला शिकवत जायचे.

पहिल्या दिवशी काकू मागे बसल्या, काका माझ्या शेजारी. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट अडकवून मांडीवर ठेवलेली. सोसायटीतून निघालो, सिग्नल ओलांडला, पुलावर चढलो. माझ्या चालवण्याबद्दल एक अक्षर नाही. नजर समोर, कपाळावर घाम. शेवटी अगदी हळू म्हणाले, "अश्विनी, एक सांगू? तू सांगा म्हणालीस तरच सांगतो."

"सांगा ना, काका."

"हँडब्रेक काढ."