किल्ल्याआधी एक गाठ

रस्त्याने चालताना लोटूअप्पा हात मागे बांधतात. जी वस्तू घ्यायची नाही, तिचाच भाव विचारतात आणि तो ऐकून दुकानदाराची कीव करतात. कुणी खड्डा खणत असेल तर आत डोकावल्याशिवाय त्यांचं पाऊल उचलत नाही. नाश्त्याच्या गाडीवर चटणी दोनदा मागतात, वाफवलेला लोचो एकदाच. आणि अनोळखी माणसाच्या सदऱ्याचा दोरा लोंबताना दिसला, तर त्याला भर रस्त्यात थांबवून तो गाठ मारून देतात.

शेवटची सवय लूमची, म्हणजे यंत्रमागाची. उभं आयुष्य सुरतच्या नवागामात लूम चालवण्यात गेलं. धागा तुटला की हात धावणारच.

शेजारच्या वैभवला हे सगळं ठाऊक होतं. तरी साहित्यात पदवी घेतलेला हा मुलगा त्या शनिवारी अप्पांबरोबर चौकबाजारला, किल्ल्याकडे निघाला. कारण गंभीर होतं. लेक नूतनच्या लग्नात अप्पांनी सुपडूभाऊ व्याह्यांना सुरतचा किल्ला आतून-बाहेरून वर्णन करून सांगितला होता. तळघर, तळघरात विहीर, विहिरीत मासे. अप्पांनी किल्ला आतून कधी पाहिलाच नव्हता. आणि व्याही उद्या येणार होते, किल्ला बघायला.

"पोऱ्याले संगे लई जा," अप्पांच्या बायकोने, सरलाबाईंनी बजावलं होतं. "नही ते बजारमाच मुक्काम करशात."

वाटेत भागळच्या बाजारात अप्पांनी पितळी घंटेचा भाव विचारला. पुढे एक खड्डा लागला.

"अप्पा, तिकीटखिडकी बंद होईल," वैभव म्हणाला.

"किल्ला काय पळी जाई का, भो?"

किल्ल्याची भिंत दिसू लागली. वैभवचा जीव भांड्यात पडला, आणि तिथेच घात झाला. उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत तोंडावर आलेली. फुटपाथवर पतंगाचा दोरा चरख्यावर चढत होता. चरखा फिरवणारा माणूस रंग आणायला उठला. त्याच्या पाठीमागे दोरा पटकन तुटला.

वैभवने अप्पांचा हात धरला. पण तो केव्हाच सुटला होता. दोन टोकं चिमटीत, एक झटका, गाठ तयार. अप्पांनी चरख्याला चार वेढे देऊन पाहिलेही.

मांजावाला परतला. अप्पा ऐटीत म्हणाले, "तूट गया था. जोड दिया."

"गाँठ मारी? काका, ये कपड़ा नहीं है! पहले ही पेच में वहीं से कटेगा!" त्याने कपाळाला हात लावला. "कहाँ मारी?"

"वही तो. आमच्या शेठलासुद्धा माझी गाठ कधी सापडली नाही."

"तो अब आप ही ढूँढो!"

वैभव थक्क होऊन बघत राहिला. अप्पा फुटपाथवर मांडी घालून बसले. दोरा उलटा उलगडत बोटांतून जाऊ लागला. अप्पांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण त्यात थोडा अभिमानही होता. गाठ खरंच सापडत नव्हती. समोर किल्ल्याचं फाटक बंद झालं.

अप्पांनी एका हाताने फोन लावला. "व्याही, एक सांगायचं राहिलं. किल्ला मी आतून पाहिलेला नाही."

फोन स्पीकरवर होता. वैभव जवळ सरकला.

"अप्पा," सुपडूभाऊ हळूच म्हणाले, "मी तर गावात सांगून बसलोय, तुमच्याबरोबर पाहून आलो म्हणून. मासेसुद्धा सांगितले."

"मग उद्या गुपचूप बघून टाकू."

दुसऱ्या दिवशी वैभव दोघांना घेऊन वेळेवर निघाला. तिकिटं त्याने स्वतः काढली आणि मागे वळला. मागे कुणीच नव्हतं.

रस्त्यापलीकडे मांजावाल्याने कालच्या न सापडलेल्या गाठीसाठी अप्पांना हाक मारली होती. दोघे व्याही समोरासमोर मांडी घालून बसले होते. एक दोरा सोडत होता, दुसरा चिमटीतून ओढत होता.

"अप्पा! किल्ला!"

"आलोच," अप्पा मान वर न करता म्हणाले. "एवढी गाठ सापडू दे."