तिखट हात

"हात धोयात का नही तू?"

"साबणघाई धोयात, ममता. तुन्ही आन."

"मग मन्ह्या पोटऱ्या का बरं जळी ऱ्हायन्यात? मिरचीले हात लावीसन उनी ना?"

भूमिकाने तळवे पाठीमागे नेले. "काल खळामा जराक देठ खुडात."

आठशे मीटरला ममता पहिल्या फेरीत दुसरी होती. मग घाम फुटला, भूमिकाने तेलाबरोबर चोळलेलं तिखट जागं झालं आणि ती लंगडत शेवटी आली. आता मांडवाच्या कडेला बसून ओला नॅपकिन पोटऱ्यांवर दाबत होती.

कॉलेजच्या संघात धावायच्या आधी भूमिकाकडून पायांना तेल चोळून घ्यायचं, हे ठरूनच गेलं होतं. गेल्या वर्षी चिंचपाड्याची रुपा शर्यतीआधी भीतीने खाली बसली, तेव्हा भूमिकानेच तिचे पाय मांडीवर घेतले. "काय खाल्लं? भाजीत मीठ होतं का? तुमची म्हैस लाथा मारते का गं अजून?" रुपा हसली, उठली, धावली. तेव्हापासून कुणीही घाबरलं की भूमिका.

तिची स्वतःची शर्यत दरवेळी शेवटी. तोवर बाकीच्या भेळ खात असायच्या. ती एकटीच भिंतीमागे जाऊन ओकायची, चूळ भरायची, बाहीला तोंड पुसून हसत परत यायची.

"स्पर्धा तोंडवर शे, आनि देठ खुडस कोनी?" ममताने विचारलं.

"रिकामं बसनं का मळमळस माले. हात चालू ऱ्हायनात का डोकं गप ऱ्हास."

"तुले? तुले भ्याव वाटस?" ममता मोठ्याने हसली. "आमनं भ्याव काढनारी तू!"

"हसू नको ना."

"मन्ही शर्यत गई, आनि आते तुन्हं नाटक!"

तेवढ्यात रुपा धावत आली. "भूमिकाताई, चारशेवाल्यांना बोलावलं. तेल लाव ना पटकन."

"तिन्हाकडथीन नको," ममता म्हणाली. "हात तिखट शेतस तिन्हा."

रुपाने पुढे केलेला पाय मागे घेतला. मोजा वर ओढला आणि "असू दे ताई" म्हणत निघून गेली. भूमिका बाटलीचं झाकण लावत राहिली. लागलेलंच होतं ते.

चारशे संपली. भोंग्यावर तीन हजार मीटरचं, भूमिकाच्या शर्यतीचं, नाव आलं. तिने बाटली खाली ठेवली.

"ममता, तेल नको, काही नको. निस्ती लाईनपर्यंत चाल मन्हासंगे. काहीबी इचार. म्हैसनं इचार."

ममताने नॅपकिन पिळला. पिशवी खांद्याला लावली, बूट हातात घेतले आणि अनवाणीच, मागे न बघता, नळाकडे चालू लागली.