आतोबांची पाणसळ

पृथ्वी गोल आहे हे माझ्या आतोबांना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, मान्य होतं. पण ती कलती ठेवल्याबद्दल त्यांनी देवाला कधी माफ केलं नाही. त्यांचं अर्धं आयुष्य सपाट जागा शोधण्यात गेलं, आणि उरलेलं ती सपाट राहील का या धास्तीत.

संस्थान विलीन झालं तेव्हा एका सरदारांनी शिकारीची घरगाडी विकायला काढली. जीपमागे ओढायची, चाकांवरची खोलीच ती. आतोबा कालव्यांच्या खात्यात ओव्हरसियर, सदा दौऱ्यावर. त्यांनी ती घेतली केवळ तिच्यातल्या घासलेटवर चालणाऱ्या फ्रीजसाठी. आत्याला मधुमेह होता, रोज इन्शुलिन टोचावं लागे, आणि ती बाटली गारच राहायला हवी. खाली दिवा आणि वर बर्फ असा त्या फ्रीजचा अजब कारभार. गाडी जरा कलली की दिवा जळत राही आणि गारवा मात्र बंद पडे.

म्हणून कुठेही थांबलं की आधी गवंड्याची पाणसळ बाहेर निघे, मग चाकांखाली फळ्या आणि विटा. बुडबुडा मध्यावर आला तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नसे. ताटातलं वरण भाजीकडे निघालं की तोंडातला घास तसाच ठेवून ते उठत. पाहुण्यांना ते मानाप्रमाणे नाही, वजनाप्रमाणे बसवत. हळदीकुंकवाला आलेल्या साहेबांच्या पत्नीला ते अत्यंत अदबीने म्हणाले, "वहिनी, आपण या कोपऱ्यात बसलात तर फार आधार होईल." त्या पुन्हा आल्या नाहीत.

नानाखेड्याच्या माळावर एकदा पावसाने काळी माती भिजली आणि एक चाक रुतलं. नवी बाटली आदल्याच दिवशी इंदूरहून आणलेली. आतोबांचा चेहरा पांढराफटक पडला. मीही तेव्हा त्यांच्यासोबत होते. ड्रायव्हर जॅक लावेपर्यंत रस्त्यावरून जाणाऱ्या दूधवाल्यांना त्यांनी आत ओढून उंच बाजूला ओळीने बसवलं.

"भैया, हिलना मत!"

"साब, छींक आ रही है।"

"बाद में आएगी!"

आत्या बाहेर हसून बेजार. "अहो, मी चांगली धडधाकट आहे. तुम्हीच बसा घटकाभर."

ते बसले नाहीत. गाडी सरळ झाल्यावर त्यांनी बाटली काढून गालाला लावून पाहिली, आणि मग डोळे पुसले. त्या दिवशी मला कळलं की या माणसाची चेष्टा करताना जरा जपून करावी.

पुढे राज्याची फेररचना झाली, कचेरी भोपाळला निघाली. आतोबांनी सरळ पेन्शन घेतली. "भोपाळात सगळा चढावच चढाव. गाडी उभी कुठे करू?"

आत्याच आधी जाणार असं आम्ही सगळे मनोमन धरून चाललो होतो. गेले ते, एका दुपारी, जेवून आडवे झालेले असताना.

परवा मी आत्याच्या देवास गेटच्या घरी गेले. आता विजेचा फ्रीज आहे. त्यावर पाणसळ ठेवून आत्या डोळे बारीक करून बुडबुडा बघत होती.

"आत्या, याला इतकं लागत नाही गं."

"मला मालूम आहे," ती म्हणाली आणि विटेचा तुकडा माझ्या हातात दिला. "पण त्यांना तिथे चैन पडायला हवी ना? सरकव जरा."